चित्रकाराला डिमेन्शिया झाला तर चित्र कसं बदलतं? बेळगाव भागातल्या घरांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं बेळगावात बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, शिवजयंतीच्या चित्ररथांमागचे पडदे, गणपतीची आरास, आणि कुणी फोटो आणून दिला की त्यावरून तैलचित्र. शेवटची सात वर्षं त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होता, त्यातली पाच वर्षं ते रंगवत होते. मी शाळेत ड्रॉइंग शिकवते. त्यामुळे खानापूर, निपाणी, संकेश्वरकडून लोक येतात, पिशवीतून वहीची पानं काढतात आणि म्हणतात, "आमच्या मामांचं चित्र जरा बघा." प्रश्न बहुतेक तेच असतात. मी डॉक्टर नाही. आजाराबद्दल इथे जे आहे ते अण्णांच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आणि पुढे वाचत गेलेलं आहे.

वय झालं की हात बदलणारच. त्यात एवढं काय पाहायचं?

आपण "साठी बुद्धी नाठी" म्हणतो, शेजारचे कन्नड लोक "अरवत्तक्के अरळु मरळु" म्हणतात. दोन्ही भाषांना ही म्हण इतकी सवयीची झाली आहे की आजार समोर असून माणसं दोन-दोन वर्षं घरीच बसतात. आम्हीही बसलो. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. उरलेले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक म्हातारे होतात, पण त्यांना तो नसतो. म्हणजे तो वयाचा भाग नाही.

वयामुळे हात सावकाश होतो, बारीक काम टाळलं जातं, फटकारा मोठा होतो. पण चित्रकाराला आपलं काय चुकलं ते कळतं आणि तो ते सुधारतो. काळजी वेगळ्या गोष्टींची करायची: आयुष्यभर पाठ असलेला क्रम मध्येच तुटणं, रंग वाळायच्या आत त्यावर पुन्हा तेच रंगवणं, अर्ध्यावर सोडलेल्या कामाकडे "हे कुणाचं?" म्हणून बघणं.

चित्र बदललं म्हणजे डिमेन्शिया झालाच का?

नाही. आधी डोळे दाखवा. मोतीबिंदूमुळे जग पिवळट-तपकिरी दिसतं आणि निळे रंग मरतात. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचं सांगितलं गेलं आणि शस्त्रक्रिया झाली ती १९२३ मध्ये. मधल्या काळातली त्याची बागेची चित्रं इतकी तांबडी-तपकिरी आहेत की नीट पाहिल्याशिवाय पूल कुठला आणि झाडं कुठली ते कळत नाही. त्याचा मेंदू ठीक होता, डोळ्यावर पडदा आला होता.

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, यांनीही माणूस गोंधळतो, आणि यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. म्हणून घरच्या घरी निदान करू नका. "आता काय करणार" असं म्हणूनही बसू नका.

मग डिमेन्शियात नेमकं काय बिघडतं आणि ते कागदावर कुठे दिसतं?

मोठं चित्र करायचं असलं की आमच्याकडे चौकोन आखायची पद्धत. फोटोवर बारीक चौकोन, कॅनव्हासवर तेवढेच पण मोठे चौकोन, आणि या घरातलं त्या घरात उतरवायचं. अण्णांनी हे हजारो वेळा केलं असेल. एका व्यक्तिचित्रात त्यांनी चौकोन नेहमीसारखे सरळ आखले, पण नाक शेजारच्या घरात गेलं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा तिथेच. त्यांना चूक दिसत होती. हात का ऐकत नाही ते कळत नव्हतं. त्या दुपारी ते जेवले नाहीत.

पुढे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा उलगडा झाला. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यात आठवणीच्या भागासोबत मेंदूच्या मागच्या-वरच्या बाजूचा भागही हळूहळू निकामी होतो. वस्तू एकमेकींपासून किती लांब आहेत, कुठली पुढे, कुठली मागे, भागांचा मिळून आकार कसा होतो, हे तो भाग सांभाळतो. चित्रात म्हणूनच सगळ्यात आधी यथार्थदर्शन, म्हणजे जवळ-लांबचा मेळ, ढासळतं. टेबलाचे पाय जमिनीला लागत नाहीत, चेहऱ्याची एक बाजू घसरते, खांबांच्या रांगा लांब जाताना लहान होत नाहीत. डॉक्टर रुग्णाला घड्याळ काढायला सांगतात ते याचसाठी. बारा आकडे गोलात नीट बसवणं ही या भागाची आणि नियोजनाचीही परीक्षा असते.

उलट हाताची सवय मेंदूच्या वेगळ्या भागात राहते आणि बराच काळ टिकते. ब्रशला किती रंग घ्यायचा, कडेला फटकारा कसा उचलायचा, वॉश (पातळ रंगाचा हात) देताना कागद किती तिरका धरायचा, हे अण्णांना नातवाचं नाव विसरल्यावरही येत होतं. घरच्यांचा गोंधळ होतो तो इथेच. "एवढा सुंदर हात चालतोय, म्हणजे आजार कसा?" हात चालतो आणि मांडणी मोडते, दोन्ही एकाच वेळी.

मोठ्या चित्रकारांच्या बाबतीत हे झालेलं आहे का?

झालं आहे, आणि तारखांसकट नोंदलेलं आहे. विल्यम उटरमोलेन हा अमेरिकेत जन्मलेला, लंडनमध्ये राहणारा चित्रकार. १९९५ मध्ये, ६१ व्या वर्षी, त्याला अल्झायमर असल्याचं निदान झालं. त्यानंतरची साधारण पाच वर्षं तो स्वतःचाच चेहरा रंगवत राहिला. सुरुवातीच्या चित्रांत चेहरा ओळखू येतो, फक्त घाबरलेला आहे. मग डोकं आणि मान यांचं नातं सुटतं, रंग जाड होतात, डोळे जागा सोडतात. शेवटी पेन्सिलीच्या काही रेघा आणि डोक्याचा नुसता आकार. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांनी २००१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या चित्रांबद्दल लिहिलं. तो २००७ मध्ये गेला.

माझं मन मात्र त्याच्या १९९५ च्याच एका चित्रावर अडतं. रिकामी खोली, वर छपरातली खिडकी, आणि टेबलाची कड घट्ट धरून बसलेला माणूस. खोली किंचित चुकलेली आहे, आणि त्या चुकलेपणातच त्याला काय वाटत होतं ते आहे. हे चित्र कमी प्रतीचं आहे असं मी माझ्या विद्यार्थ्यांना कधीच सांगणार नाही.

कारोलुस होर्न (१९२१ ते १९९२) हा जर्मनीतला नावाजलेला जाहिरात-चित्रकार, म्हणजे अण्णांच्या धंद्यातलाच. व्हेनिसचा रिआल्तो पूल त्याने वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढला. त्यामुळे तज्ज्ञांना आयतीच मोजपट्टी मिळाली. आधीच्या पुलाला खोली आहे, सावली आहे. आजार वाढला तसा पूल सपाट झाला, माणसांचे चेहरे एकसारखे झाले, आणि रिकाम्या जागा नक्षीने भरू लागल्या.

हे वाचलं आणि मी अण्णांनी काढलेल्या, बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराच्या चित्रांचा गठ्ठा काढला. ते दर एक-दोन वर्षांनी तिथे बसून काढायचे. क्रमाने जमिनीवर मांडली तर खांब चौथ्या चित्रापासून वाकायला लागले होते. आमच्या लक्षात आलं ते सातव्या चित्रानंतर. तुमच्याकडेही एकाच विषयाची जुनी-नवी चित्रं असतील, एकच देऊळ, एकच गणपतीचा चेहरा, तर ती शेजारी शेजारी मांडून बघा. एकट्या चित्रावरून काही कळत नाही.

विलेम डी कूनिंगची गोष्ट वेगळी आहे. जन्म १९०४, मृत्यू १९९७, अमेरिकेतल्या अमूर्त चित्रकलेतलं मोठं नाव. १९८० च्या दशकात विसर वाढत असताना त्याने तीनशेहून जास्त चित्रं केली. पूर्वी कॅनव्हासवर रंगांचे थर, खरवड, झटापट असायची. आता पांढऱ्या जागेवर लाल, निळ्या, पिवळ्या वळणदार पट्ट्या, मोकळ्या आणि शांत. सहायक कॅनव्हास तयार करून देत, रंग मांडून ठेवत. १९८९ मध्ये कोर्टाने त्याला स्वतःचे व्यवहार सांभाळायला असमर्थ ठरवलं. ही शांतता आजाराची, की दारू सुटल्यावर आलेली, की प्रत्येक मोठ्या चित्रकाराच्या उतारवयात येते तशी? जाणकार अजून भांडतात. मला ती चित्रं आवडतात, आणि तिन्ही कारणं थोडी थोडी खरी असावीत असं वाटतं.

सगळ्या प्रकारांत चित्र असंच बदलतं का?

नाही. लेवी बॉडी प्रकारात माणसाला नसलेल्या गोष्टी स्पष्ट दिसतात, माणसं, जनावरं, लहान मुलं, आणि त्या चित्रात येऊ शकतात. शिवाय एक दिवस हात चांगला, दुसऱ्या दिवशी काहीच जमत नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतरच्या डिमेन्शियात बदल पायऱ्यापायऱ्यांनी येतो. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका बसला असेल तर कागदाची डावी बाजू कोरी राहू शकते. डोळ्यांना ती दिसते, पण मेंदू तिची दखल घेत नाही.

मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग जातो तो फ्रंटोटेम्पोरल प्रकार. तो बऱ्याचदा साठीच्या आतच सुरू होतो. त्यात आठवण आधी शाबूत असते, पण स्वभाव किंवा बोलणं बदलतं. चित्रात एकच नक्षी, एकच रंग, पुन्हा पुन्हा, तासन् तास.

आजारानंतर माणूस आधीपेक्षा चांगली चित्रं काढू लागतो, असं ऐकलं. खरं आहे?

क्वचित, आणि मुख्यतः फ्रंटोटेम्पोरल प्रकारात. कधी ब्रश न धरलेल्या काही लोकांना आजार सुरू झाल्यावर चित्रांचा ध्यास लागल्याची निरीक्षणं अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात मांडली. अंदाज असा की भाषेचा भाग मंदावला की त्याच्या दाबाखाली असलेला पाहण्याचा भाग मोकळा होतो.

अ‍ॅन अ‍ॅडम्स ही कॅनडाची शास्त्रज्ञ. मुलाच्या अपघातानंतर तिने नोकरी सोडली आणि चित्रं काढू लागली. १९९४ मध्ये तिने राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची 'बोलेरो' ही रचना चित्रात मांडली. रचनेच्या एकेका मात्रागटाला एकेक उभा आकार, आवाज वाढेल तशी उंची. 'बोलेरो'त त्याच दोन सुरावटी शेवटपर्यंत फिरत राहतात. पुढे तिची भाषा हळूहळू गेली, निदान झालं, आणि मागे वळून पाहताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की ते चित्र काढलं तेव्हा आजाराची सुरुवात झालेली असणार. राव्हेललाही पुढे मेंदूच्या आजाराने बोलणं-लिहिणं अवघड झालं होतं.

याची वाट पाहू नका. आपल्या माणसाचं तसं झालं नाही म्हणून काही कमी पडलं असंही समजू नका. अण्णांचं झालं नाही.

चित्रांवरून आजार आधीच ओळखता येईल का?

२०१७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी सात चित्रकारांची २,०९२ चित्रं संगणकाने तपासली. फटकाऱ्यांची गुंतागुंत मोजली. डी कूनिंग आणि जेम्स ब्रूक्स या अल्झायमर झालेल्या दोघांच्या चित्रांतली गुंतागुंत निदानाच्या बरीच आधीपासून घटत गेलेली दिसली. मोने, पिकासो, शागाल यांच्यात ती वयाबरोबर अशी घटली नव्हती. रस घेण्यासारखं आहे, पण सातच चित्रकार, सगळे परदेशी, सगळे आपापल्या शैलीचे. बेळगावच्या डॉक्टरांना चित्रांचे फोटो जरूर दाखवा, तारखांसकट. निदान मात्र तपासणी, रक्त आणि मेंदूचं स्कॅन यांवरूनच होतं.

आमचे काका दोन्ही लिप्यांत बोर्ड लिहायचे. आता कन्नड अक्षर चुकतं, मराठी बरं येतं. असं का?

आपल्या भागातला सगळ्यात आपला प्रश्न. साधारणपणे आधी आणि खोलवर शिकलेली भाषा जास्त टिकते. नंतर, धंद्यासाठी शिकलेली आधी डळमळते. अण्णांच्या पाटीवर कन्नड अक्षरांची गोल वळणं आधी हरवली. देवनागरीची शिरोरेघ मात्र ते शेवटपर्यंत हाताने सरळ ओढायचे, पट्टी न घेता, तिच्याखाली काही लिहिलेलं नसलं तरी. तुमच्या काकांची पहिली शाळा कन्नड असती तर कदाचित उलट झालं असतं.

दोन भाषा येणं हे नुकसान नाही. हैदराबादमध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, न शिकलेल्या लोकांमध्येही.

आणि हे आग्रहाने सांगते: स्मृतीची चाचणी माणसाच्या घरच्या भाषेत करून घ्या. एका दवाखान्यात अण्णांना शंभरातून सात-सात वजा करायला कन्नडमध्ये सांगितलं. ते आयुष्यभर हिशेब मराठीत करत आले होते. मी मराठीत विचारायची परवानगी मागितली, आणि त्यांनी तीन पायऱ्या बरोबर केल्या. गुण बदलले की आजाराची पायरी बदलते, औषधाचा निर्णय बदलतो. गप्प बसू नका, विचारा.

दाखवायचं कुठे?

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून, म्हणजे बिम्समधून करा. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आणि मेंदूच्या आजारांची सरकारी संस्था आहे. बेंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी तज्ज्ञ आहेत. निपाणीकडचे लोक कोल्हापूर गाठतात, तेही चालेल. घरातल्या माणसाला बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७.

रंग काढून घ्यावेत का?

काढून घेऊ नका. बदला.

तैलरंग, टर्पेंटाइन, केरोसिन, इनॅमल घरातून हलवा. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे आपल्या धंद्यातल्या जुन्या लोकांना माहीत असतं, पण विसरलेल्या माणसाला ते आठवणार नाही. जुन्या डब्यांतल्या पांढऱ्या आणि पिवळ्या रंगांत शिसं असतं. अण्णांनी एकदा ब्रश धुतलेलं पाणी चहा समजून तोंडाला लावलं. तेव्हापासून आम्ही पाणी चहाच्या ग्लासात कधी दिलं नाही, रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या भांड्यात दिलं आणि भांड्याला लाल पट्टी रंगवली. परांची आणि शिडी मात्र बंद म्हणजे बंद.

जलरंग द्या, तीन-चारच. बारा ट्यूब समोर असल्या की कुठला घ्यायचा हेच ठरत नाही. कागद पांढरा आणि खालची पाटी गडद, म्हणजे कड दिसते. खिडकीतून प्रकाश डावीकडून. सकाळची वेळ, कारण संध्याकाळी गोंधळ वाढतो. "काहीतरी काढा" म्हणू नका, समोर वस्तू ठेवा. तांब्या, दोन लिंबं, गोकाकची लाकडी खेळणी. आठवणीतून काढणं जातं तेव्हाही समोरचं पाहून काढणं काही काळ राहतं.

चुकलेलं चित्र दुरुस्त करून द्यावं का?

नाही. मी एकदा अण्णांच्या नकळत एका चेहऱ्याचा डोळा जागेवर आणला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "हे माझं नाही." तेवढं त्यांना कळत होतं.

विकली तर चालतील का? सहीचं काय?

कुणी ऑर्डर दिली तर आजार सांगा. दुसऱ्याने पूर्ण केलेलं चित्र आजारी चित्रकाराच्या सहीने विकू नका. बाजार आपला लहान आहे, लोक हात ओळखतात. कागदोपत्री कामं निदान झाल्याबरोबर करा, समजत असताना. भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्र संपतं. पुष्कळ घरांना हे बँकेच्या खिडकीवर कळतं. वकिलाला विचारून मृत्युपत्र, चित्रांची मालकी, बँक, सगळं आधी ठरवून घ्या.

औषधांनी हात परत येईल का?

डोनेपेझिल, मेमँटिनसारख्या औषधांनी काहींना काही काळ थोडा फरक पडतो. आजार बरा होत नाही. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात यातली काही औषधं त्रासही वाढवतात, म्हणून शेजाऱ्यांच्या गोळ्या देऊ नका.

ब्रश धरणंच थांबलं तर?

आमच्याकडे शेवटची दोन वर्षं तसंच होतं. मी त्यांच्या शेजारी बसून रंगवायची. ते बघायचे. कधी कधी पांघरुणावर बोट फिरायचं, डावीकडून उजवीकडे, एक सरळ रेघ. मी त्यांचा हात धरून ओल्या रंगात टेकवायची, त्याने रेघ उमटली की ते थांबून तिच्याकडे बघायचे. यातून काही सुधारलं का असं लोक विचारतात. तो वेळ चांगला गेला, एवढं मी खात्रीने सांगते.

या काळातली चित्रं ठेवायची कशी?

प्रत्येक कागदामागे त्याच दिवशी पेन्सिलीने तारीख घाला, आणि कशाचं चित्र आहे ते त्यांनी सांगितलं असेल तर त्यांच्याच शब्दांत लिहा. बॉलपेन नको, ते पुढे उमटतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद पिवळा पडतो. मध्ये बटरपेपर घालून आडवी ठेवा. खानापूरकडच्या पावसात भिंतीला लागून ठेवलेलं काहीही बुरशी धरतं, म्हणून लोखंडी पेटी भिंतीपासून चार बोटं पुढे, विटांवर. दिवाळीच्या आधी एक दिवस सगळी काढून सावलीत वारा द्या. आम्ही अंगणात चटई घालतो आणि तारखेप्रमाणे मांडतो.